भाड्याच्या खोलीतलं माहेर

पुसदच्या ज्या गल्लीत माझं सोनोग्राफी सेंटर आहे, तिथल्या रसवंतीवाल्यापासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे की ही बाई तापट आहे. पेशंट बायका एकमेकींना बजावूनच आत पाठवतात, "मॅडम कावतात, पण पाह्यतात चांगलं." हे प्रमाणपत्र मी दाराआडून ऐकलेलं आहे आणि मला ते आवडतं. तापटपणा घरातूनच आला. कळंबला आमच्या घरी कुणी गप्प बसलं की आई त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघायची. चांगलं पाहणं मात्र माझं स्वतःचं आहे. ते मी केस पांढरे होईपर्यंत अंधाऱ्या खोलीत बसून कमावलंय, आणि त्याचा अभिमान लपवायची मला सवय नाही.

माझ्या खोलीबाहेरच्या बाकांवर सगळ्यात जास्त काय दिसत असेल तर पाण्याच्या बाटल्या. सोनोग्राफी म्हणजे घटाघटा पाणी प्यायचं आणि लघवी रोखून धरायची, ही गोष्ट आमच्या तालुक्यात इतकी मुरली आहे की खांदा दाखवायला आलेला माणूसही दोन तांबे रिचवून येतो. बायका मांड्या आवळून बसलेल्या असतात. सोबत आलेली सासू किंवा जाऊ अजून एक घोट घ्यायचा आग्रह करत असते. कुणाचा नंबर आधी लावायचा यावरून भांडणं होतात, आणि ती भांडणं खरी असतात, कारण एखादीची खरंच फुटायची वेळ आलेली असते. ज्या तपासणीला लागतं तिला ते लागतं, नाही असं नाही. पण एक तपासणी अशी आहे की तिला भरलेली लघवीची पिशवी साफ फसवते. ही हकिगत तिचीच आहे.

ती आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि कापूस वेचणी जोरात होती. डोंगराकडच्या गावातली सून, उंच, अंगानं सडपातळ, बी.ए. झालेली. पाचवा महिना. सोबत सासू, तिला ती आत्याबाई म्हणायची, आणि नवरा. नवरा कपाशी आणि तुरीच्या चांगल्या जमिनीचा मालक, पण बायको आणि आईच्या मध्ये उभा राहिला की त्याचं काय करायचं हे त्यालाच कळत नसावं असा चेहरा. तो दाराशीच थांबला. आत्याबाई आत आल्या आणि मी काही विचारायच्या आधीच बोलू लागल्या.

"मांगच्या खेपेला साहाव्या महिन्यात गेलं, मॅडम. पोरगं होतं. म्या हजार डाव सांगतलं होतं हिले, कापसाचं गाठोडं नोको उचलू. हिनं उचललं. झालं."

सून टेबलावर झोपली होती. छताकडे पाहत होती. हे वाक्य तिनं बऱ्याचदा ऐकलं असणार, कारण तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला मात्र डोक्यात तिडीक गेली. पोटावर जेल लावता लावता मी तिलाच विचारलं, "तेव्हा कळा किती वेळ होत्या?"

"नव्हत्याच, मॅडम."

"म्हणजे?"

"ओटीपोट जड लागे दोन दिवस. मंग पाणी गेलं. आन् मंग थो आला. कळ अशी आलीच नाही."

हे ऐकून मी हात थांबवला. गाठोडं उचलून, घसरून, धक्का बसून मूल गेलं अशा हकिगती मी रोज ऐकते. त्यातल्या बहुतेक सांगणाऱ्याच्या सोयीच्या असतात. पण सहावा महिना आणि कळा नाहीत, याचा अर्थ वेगळा असतो. गर्भपिशवीचं तोंड मूल वाढेपर्यंत घट्ट मिटून राहायला हवं. काही बायकांचं ते वेळेआधीच आखूड होत जातं, आतून उघडत जातं, आणि बाईला पत्ताही लागत नाही. दुखत नाही, खुपत नाही. एक दिवस पिशवी सैल होते आणि मूल बाहेर. त्या बाईनं गाठोडं उचललं काय किंवा दिवसभर खाटेवर लोळून काढलं काय, फार फरक पडत नाही. मशीननं ते तोंड वेळेत मोजलं तर मात्र फरक पडतो. हे मी इतक्या ठामपणे लिहिते कारण मी ते पाहिलेलं आहे.

पोटावरून पाहिलं. बाळ छान होतं, पाय झाडत होतं. पिशवीचं तोंडही लांबलचक दिसलं. दुसरी कुणी असती तर हे पाहून खूश झाली असती. पण लघवीची पिशवी इतकी भरली होती की पडद्याचा अर्धा भाग तिनंच व्यापला होता. अशी भरलेली पिशवी गर्भाशयाच्या तोंडावर बाहेरून दाब देते, उघडलेल्या कडा एकमेकींना चिकटवते आणि आखूड तोंड लांब दाखवते. डोळ्यांदेखत खोटं बोलते.

"जा, लघवी करून ये," मी म्हणाले.

आत्याबाई उभ्याच राहिल्या. "काहून? सकाळपासून पाजून राह्यली मी तिले. एसटीत कशीबशी रोखून धरली तिनं. आन् आता वाया घालवता?"

"रिकामी करून ये. मग आतून बघायचं आहे."

हा शब्द मी उच्चारला आणि खोलीतली हवाच बदलली. आतून. आत्याबाईंनी पदर खांद्यावर ओढला. मला त्यांच्या डोक्यातल्या दोन्ही शंका माहीत आहेत, कारण त्या सगळ्यांच्याच डोक्यात असतात. एक शंका अशी की आतून पाहिलं म्हणजे मुलगा की मुलगी ते पक्कं दिसतं, आणि डॉक्टरीण सांगत नसली तरी तिच्या चेहऱ्यावरून कळतं. यासाठी बायका माझ्या भुवया निरखत बसतात. भिंतीवर कायद्याची पाटी आहे, तोंडानं मी सांगत नाही, खुणेनं सांगत नाही, आणि भुवयांवर माझा चांगला ताबा आहे. दुसरी शंका खरी भीतीची. आतून काही घातलं तर मूल पडेल.

"नोको, मॅडम. अंदर नोका हात लावू. एक गेलं हाय आमचं."

"आत्याबाई, ही मशीनची नळी पिशवीच्या तोंडाच्या आत जातसुद्धा नाही. ती बाहेरच थांबते आणि तिथून बघते. यानं मूल पडलं असतं तर मी हा धंदा कधीच बंद केला असता."

"तुमी शिकलेल्या हा. पण आमी भोगलं हाय."

"भोगलं तिनं आहे," मी म्हणाले. आवाज चढलाच. "तुम्ही शेजारी उभ्या होतात."

दाराशी नवरा चुळबुळला. मला वाटलं, आता उठून निघून जातील, आणि सहाव्या महिन्यात पुन्हा तेच होईल, आणि पुन्हा कुठलं तरी गाठोडं सापडेल. मला त्या क्षणी फार राग आला होता, त्या बाईचा आणि त्या गाठोड्याचाही. तेवढ्यात सून टेबलावरून उठली. साडी सावरली आणि सासूकडे न बघता मला म्हणाली, "संडास कुठं हाय? मी करून येतो. मले पाह्यचं हाय."

आमच्याकडे बायका स्वतःला असंच करतो, येतो म्हणतात. पण त्या 'येतो'मध्ये जो ठामपणा होता, तो मला तेव्हा दिसला आणि मी मनात म्हटलं, ही बाई टिकेल.

आतून पाहिलं. पोटावरून लांब दिसलेलं तोंड निम्म्याहूनही कमी होतं, आणि आतल्या बाजूनं उघडायला लागलं होतं. मी नवऱ्याला आत बोलावलं. पडदा त्याच्याकडे वळवला. बाळाचा भाग त्यात नव्हता, नुसतं ते तोंड होतं. "हे बघ. पेरणीच्या तिफणीवरचं चाडं असतं ना, वर रुंद, खाली निमुळतं? तसं दिसतंय ना इथं? हे असं नसायला पाहिजे. हे सरळ, मिटलेलं पाहिजे."

तो पडद्याजवळ वाकला. मग म्हणाला, "चाड्यातून बी खाली जाते."

"हो."

"मंग आता?"

"आता टाका घालता येतो. पोत्याचं तोंड शिवतात तसं. आणि औषध आहे, ते आतून ठेवायचं. आणि दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे यायचं, लघवी करून. मशीन तारीख सांगत नाही. कुणी सांगत असेल तर खोटं सांगतंय. पण धोका किती जवळ आला आहे ते मी सांगू शकते, आणि ते आधी कळणं म्हणजे निम्मं काम."

समोरच्याच गल्लीत माझी मैत्रीण बाळंतपणाचा दवाखाना चालवते. माझ्या अगदी उलट, मऊ बोलणारी. लोक म्हणतात आम्ही दोघी मिळून एक बरी डॉक्टर होतो. तिनं त्याच आठवड्यात टाका घातला.

त्यानंतर ते घर आमच्या सूचना पाळू लागलं, पण आपल्या पद्धतीनं. पुढच्या खेपेला सून आली तेव्हा तिची मान आखडलेली होती. विचारलं तर कळलं की आत्याबाईंनी तिच्या खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या आहेत, पाय वर, डोकं खाली, म्हणजे मूल घसरणार नाही. गावात कुणाकुणाच्या सुना अशाच वाचल्या होत्या. सून दिवसभर उताणी पडून डोक्याकडे उतरत जायची आणि उशी धरून पुन्हा वर सरकायची. मी हसले, मग चिडले, मग विटा काढायला लावल्या. हलकं काम कर, अंगणात फिर, जड उचलू नको, एवढं पुरे म्हणून सांगितलं. आत्याबाईंनी विटा काढल्या की नाही कुणास ठाऊक. निदान मान सुधारली.

तोंडाची लांबी डिसेंबरभर टिकली. मी दर वेळी मोजायची आणि दर वेळी सून माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघायची. पडद्यावरची ती दोन खुणांमधली रेघ तिला ओळखू यायला लागली होती. "तेवढीच हाय न?" ती विचारायची. मी म्हणायची, "तेवढीच आहे," आणि आम्हा दोघींनाही सणावाराला पुरणपोळी चांगली झाल्यासारखं समाधान व्हायचं.

संक्रांतीच्या आसपास रेघ पुन्हा लहान झाली. टाका जागेवर होता, पण वरचा भाग उघडू लागला होता. सातवा महिना लागला होता. माझी मैत्रीण आणि मी दोघींनी बसून ठरवलं. हे मूल पूर्ण दिवसांचं होईल यावर भिस्त ठेवायची नाही. ते लवकर येणार असं धरून चालायचं. लवकर आलं तर फुप्फुसं पिकायची इंजेक्शनं आधी मिळाली पाहिजेत, आणि काचेच्या पेटीची सोय असलेलं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर पाहिजे. ते पुसदमध्ये आहे. म्हणजे आता सून पुसदमध्ये राहिली पाहिजे. डोंगराकडच्या गावातून नाही चालणार, एसटी वेळेवर येते ती कधीतरी.

आम्हाला वाटलं एवढं सांगितलं की झालं. खरा घोळ तिथूनच सुरू झाला, कारण मुकुटबनहून तिची आई आली.

मुकुटबन जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. दोन गाड्या बदलून ती बाई आली होती, लेकीला न्यायला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. मागचं मूल राहिलं नाही, म्हणून तिच्या हिशोबानं हेच पहिलं. हिरवी साडी, खण, ओटीचं सगळं सामान पिशवीत भरून. ठेंगणी, काळीसावळी, शेतात राबून हात राठ झालेली बाई. माझ्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसली. लेकीनं आपली पाण्याची बाटली पुढे केली तर तिनं ती हातानंच बाजूला सारली आणि पिशवीतून स्वतःची काढली.

मी पाहत होते. आत्याबाईच म्हणाल्या, "थ्या नाही पेत आमच्या घरचं. लेकीले लेकरू झाल्याबिगर लेकीच्या घरचं पाणी चालत नाही तिले."

ही रीत मला नवी नव्हती. कळंबला आमच्या शेजारीही एक आजोबा लेकीच्या गावाला जाताना भाकरी बांधून न्यायचे आणि गावाबाहेरच्या विहिरीवर बसून खायचे. पण या रीतीनं आता कोंडी करून टाकली होती. लेक मुकुटबनला जाऊ शकत नव्हती, दोन गाड्यांचा रस्ता आणि तिथं काचेची पेटी नाही. आई लेकीच्या सासरी येऊन राहू शकत नव्हती, तिथलं पाणी चालत नव्हतं. पुसदला आत्याबाईंच्या ओळखीचं एक घर होतं, तिथं लेकीला आत्याबाईंनी ठेवावं तर आईचा स्वाभिमान दुखावत होता. "पह्यलं बाळंतपण मी करीन. लोक काय म्हणतीन, मायनं टाकून देली?" आणि आत्याबाईंचं म्हणणं, "मांगच्या टायमाले गेलं. या टायमाले माह्या डोळ्यापुढं पाह्यजे." दोघींची जुंपली. माझ्या खोलीत. बाहेर बाकावर बायका मांड्या आवळून ताटकळत बसलेल्या.

सून मध्ये बसली होती, हात पोटावर. तिच्याकडे दोघींपैकी कुणीच पाहत नव्हतं.

माझं डोकं फिरलं. "तुम्हाला लेकीला माहेरी न्यायचंय ना?" मी तिच्या आईला म्हणाले. "ती माहेरी येऊ शकत नाही. मग माहेर उचला आणि इथं आणा! आता बाहेर व्हा, माझे पेशंट खोळंबलेत."

मी हे वैतागून बोलले होते. बोलून विसरलेही. चार-पाच दिवसांनी ती बाई पुन्हा आली, एकटी, आणि माझ्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "आणलं, मॅडम."

"काय आणलं?"

"माहेर."

माझ्या मैत्रिणीच्या दवाखान्यामागच्या गल्लीत एका मुसलमान मेकॅनिकच्या घराच्या माडीवर तिनं एक खोली आणि मोरी भाड्यानं घेतली होती. मुकुटबनहून गॅसची शेगडी, पीठ, नवी तूर डाळ, तिखट, लेकीची लग्नाआधीची गोधडी, सगळं एका छोट्या टेम्पोतून आणलं होतं. खोली तिची, भांडी तिची, पाणी तिनं भरलेलं. म्हणजे ते तिचं घर. म्हणजे लेक माहेरी. यात रीतही मोडली नव्हती आणि डॉक्टरचा शब्दही. मी खुर्चीत मागे टेकले. मला तिचं फार कौतुक वाटलं. इतक्या वर्षांत मी लोकांना हजार गोष्टी ओरडून सांगितल्यात, पण कुणी माझं ओरडणं इतकं नीट ऐकून अमलात आणलं नव्हतं.

ओटी त्याच माडीवर भरली. मी गेले होते. खालून गॅरेजमधला ठोकण्याचा आवाज येत होता, मेकॅनिकच्या बायकोनं थोडा वेळ काम बंद ठेवायला लावलं आणि स्वतः वाटीभर शिरखुर्मा घेऊन वर आली. हिरव्या साडीतली सून पाटावर बसली होती, तोंडावर उगाच गांभीर्य. आत्याबाई आल्या होत्या, पाहुण्यासारख्या. त्यांना चहा दिला तो त्यांनी प्यायला, कारण त्यांच्या बाजूनं असली काही अडचण नव्हती, पण सुनेच्या माहेरी मानानं वागावं लागतं म्हणून त्या दिवसभर जरा आखडूनच होत्या. मला त्याची मजा वाटली. येताना त्यांनी डबा आणला होता, तोही त्यांनी परवानगी विचारून ठेवला.

आठव्या महिन्यात एका सकाळी सुनेचं पोट आवळायला लागलं. या वेळी तिला माहीत होतं काय पाहायचं. ती आणि तिची आई चालतच दवाखान्यात आल्या, गल्ली ओलांडून. मैत्रिणीनं त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी आतून पाहिलं आणि फोन लावून मैत्रिणीला म्हटलं, "तोंड राहिलं नाही. सुरू कर." इंजेक्शनं सुरू झाली. कळा दोन दिवस औषधानं थोपवून धरल्या, म्हणजे इंजेक्शनांना काम करायला वेळ मिळाला. मग टाका काढला. काढला आणि त्याच दुपारी मूल झालं. मुलगी. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढी, पण रडली. आवाज मांजराच्या पिल्लाएवढा, पण रडली.

आत्याबाई पोचल्या तेव्हा मुलगी हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत होती. नाकाला बारीक नळी. त्यांनी काचेवर हात ठेवला आणि पुटपुटल्या, "सातव्याचं वाचते. आठव्याचं नाही वाचत, मॅडम."

"कोण म्हणतं?"

"आमच्याकडं म्हणतात."

"आमच्याकडे म्हणजे त्या काचेकडे असं काही म्हणत नाहीत," मी म्हणाले. "जेवढे दिवस जास्त, तेवढं बरं, एवढंच त्या पेटीला माहीत आहे. ही आठव्यातली आहे, सातव्यातली असती तर मला जास्त काळजी वाटली असती." मला खात्री होती. ती लपवून नम्रपणा दाखवायची ती वेळ नव्हती. घाबरलेल्या माणसाला कुणीतरी ठाम बोलणारं लागतं, आणि मी ठाम बोलते.

मुलगी वाढली. दूध ओढायला लागली, नळी निघाली. पेटीतून बाहेर आली ती आईच्या छातीशी, उघड्या अंगाला उघडं अंग लावून. आजी खाली मेकॅनिकच्या अंगणात कपडे वाळत घालताना कुणी विचारलं नसलं तरी सांगायची, "आज इतकं वाढली."

सुट्टी व्हायच्या आधी तिला माझ्याकडे आणलं. अशा लवकर आलेल्या मुलांचं डोकं मी एकदा टाळूवरून पाहते. टाळू अजून मऊ असते, त्यातून मेंदू स्वच्छ दिसतो, कुठं रक्तस्राव झाला नाही ना, ते कळतं. आत फक्त सून होती, मुलीला मांडीवर घेऊन. आत्याबाई आणि तिची आई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी टाळूवर जेल लावलं, कोमट करून, आणि सावकाश पाहिलं. सगळं व्यवस्थित होतं. मुलगी तेवढ्या वेळात झोपूनही गेली.

"छान आहे," मी म्हणाले. "काही नाही. घेऊन जा घरी."

सून उठली नाही. मुलीच्या डोक्यावरचं जेल पुसत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, एक इचारू?"

"विचार."

"थो पह्यला. थो गाठोड्यानं गेला काय?"

मला हा प्रश्न केव्हापासून अपेक्षित होता. मी खुर्ची पुढे ओढली.

"नाही," मी म्हणाले. "तुझ्या पिशवीचं तोंडच आखूड होत जातं. मी स्वतः पाहिलंय, तुलाही दाखवलंय. तो गेला तेव्हाही तेच झालं होतं. तू त्या दिवशी गाठोडं उचललं नसतंस, घरात पडून राहिली असतीस, तरी तो गेलाच असता. तेव्हा कुणी मोजलं नाही, म्हणून गेला. तू काही केलं नाहीस."

मग तिनं मुलीला खांद्यावर घेतलं, उठली, आणि माझ्या खोलीचं दार सताड उघडलं. बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या बायका वळून पाहू लागल्या. आत्याबाईही.

"आता अजून एकदा सांगा, मॅडम," ती म्हणाली. "अठीच. सगळ्याइले ऐकू जाईन असं."

मी उंबऱ्यात उभी राहिले आणि सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमानं. आत्याबाईंकडे बघून सांगितलं. त्यांचे हात मांडीवर होते, ते तिथंच राहिले.

सुनेनं मुलगी त्यांच्या त्या हातांत ठेवली. आणि मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. हुंदके देऊन, तोंड उघडं टाकून, बाजूला कोण आहे याची पर्वा न करता. पुढच्या नंबरची बाई घाबरून उभी राहिली. मी पुढे झाले तर तिच्या आईनं माझा हात धरून मला थांबवलं.

"रडू द्या तिले, मॅडम," ती म्हणाली. "पह्यल्यासाठी ती आज रडून राह्यली."